हवाईयन गिटार

मांडीवर आडवे ठेवून, तारांवर पोलादी कांब सरकवीत वाजविण्याचे एक तंतुवाद्य. नेहमीच्या गिटारीत डाव्या हाताच्या बोटांनी तारा पडद्यांवर दाबून स्वर काढतात. हवाईयन गिटारीत तार दाबली जात नाही. कांब तारांना केवळ टेकवून मागेपुढे सरकविली जाते आणि उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडल्या जातात. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड जाणारी मींड साधते. या वाद्याचे वेगळेपण घडणीपेक्षा वादनपद्धतीत अधिक आहे. साध्या गिटारीचेही अल्प खर्चात हवाईयन गिटारीत रूपांतर करता येते व तिच्या जगभरच्या प्रसाराचे हे एक प्रमुख कारण होय.

हवाई बेटांवर गिटार आली ती १८३० च्या दशकात, गुरे हाकण्यासाठी बोलावलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर. तेथील लोकांनी तारा सैल करून मोकळ्या तारांतूनच स्वरसंवाद निघेल अशी जुळणी रूढ केली. या जुळणीमुळेच पुढे एका सरळ कांबेने सर्व तारांवर एकदम स्वर घेणे शक्य झाले. कांबेच्या वापराचे श्रेय सामान्यतः ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) यास दिले जाते. कामेहामेहा विद्यालयात शिकत असताना, सु. १८८९ मध्ये, त्याने हे तंत्र विकसित केले असे मानतात. तथापि होनोलूलूमधील गेब्रिएल डेव्हिऑन या भारतात जन्मलेल्या वादकाचे नावही या संदर्भात घेतले जाते. भारतात विचित्र वीणा व गोट्टुवाद्यम् ही घसरत्या साधनाने वाजविली जाणारी वाद्ये असल्याने हा दावा लक्षणीय ठरतो. मात्र तो निर्विवाद नाही.

हवाईची राजसत्ता १८९३ मध्ये उलथली गेली व १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत विलीन झाली. त्यानंतर अनेक हवाईयन वादक अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेले. केकुकूनेही १९०४ मध्ये बेटे सोडली. १९१५ च्या सॅन फ्रॅन्सिस्को येथील पनामा–पॅसिफिक प्रदर्शनानंतर या संगीताची अमेरिकेत मोठी लाट आली. लॉस अँजेल्समधील हेर्मान व्हायसेनबोर्न (१८६३–१९३७) या जर्मन कारागिराच्या गिटारी या काळात नावाजल्या. कोआ लाकडाच्या या वाद्यांची मान पोकळ असून ती ध्वनिपेटीचाच भाग असे. त्यांच्या चार प्रतींतील भेद मुख्यतः कडांच्या नक्षीकामाचा होता. साध्या प्रतीची घडण मूलतः तीच असे.

सामान्य कुटुंबांपर्यंत हे वाद्य पोहोचविले ते मात्र स्वस्त गिटारींनी. क्लीव्हलँड येथील ओआहू पब्लिशिंग कंपनीने १९३० च्या दशकात शिकवणीचे पाठ व गिटार यांची एकत्र विक्री केली. याच सुमारास धातूच्या पडद्याने आवाज वाढविणारी गिटार (१९२७) व विद्युत् गिटार (१९३२) पुढे आल्या आणि लाकडी हवाईयन गिटार अमेरिकेत मागे पडली.

भारतात या वाद्याला वेगळे वळण मिळाले. सामोआत जन्मलेला वादक टाउ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिला होता व तेथे या वाद्याची आवड रुजली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हझारा सिंग व व्हॅन शिप्ली यांनी या वादनशैलीला लोकप्रियता मिळवून दिली. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी तीवर रागसंगीत प्रतिष्ठित केले. विश्वमोहन भट्ट यांनी चिकारी व तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा तयार केली. त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

माफक किमतीचे वाद्य निवडण्याचे निकषही या इतिहासातूनच मिळतात. साध्या गिटारीच्या मानेच्या टोकाशी तारा पेलणाऱ्या ‘नट’ या पट्टीवर धातूची उंच पट्टी बसविली, की तारा सु. ८ ते १० मिमी. वर उचलल्या जातात. ही पट्टी व घोडीवरील हाड या दोहोंची वरची कड सरळ असावी. ती गोलाकार असल्यास कांब सर्व तारांना एकाच वेळी टेकत नाही. पडद्यांचा उपयोग फक्त खुणेपुरता असल्याने झिजलेले पडदे येथे दोष ठरत नाहीत. मात्र घोडी उखडलेली, तिच्यामागे फळी फुगलेली किंवा मानेचा सांधा उकललेला असल्यास ते वाद्य कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

तारांची जुळणी हा याहून महत्त्वाचा मुद्दा आहे. ‘ए’ जुळणीत नेहमीच्या गिटारीच्या तीन तारा दोन श्रुत्यंतरांनी नव्हे, तर पूर्ण दोन अर्धस्वरांनी चढवाव्या लागतात व प्रत्येकीचा ताण सु. २६ टक्क्यांनी वाढतो. हलक्या बांधणीच्या वाद्याला हा ताण सोसत नाही. ‘जी’ जुळणीत (प सा प सा ग प) तीन तारा उतरविल्या जातात, एकही चढवावी लागत नाही. म्हणून रूपांतरित गिटारीस तीच योग्य. चढ्या जुळणीसाठी जाड, चौकोनी मानेची गिटार लागते. व्हायसेनबोर्न घाटाच्या आशियात बनलेल्या प्रतिकृती अलीकडे मूळ वाद्यांच्या तुलनेत बऱ्याच कमी किमतीत मिळतात. त्या निवडताना नक्षीपेक्षा वरच्या फळीचे लाकूड, खुंट्यांची पकड व सांध्यांची मजबुती यांकडे लक्ष द्यावे. कांब मात्र जड व गुळगुळीत असावी. हलक्या किंवा खरबरीत कांबेने चांगल्या वाद्याचाही स्वर खरखरतो.