शुल्काचा भार कोणी वाहावा?

जून उजाडला की आईवडील शिफारसपत्रासाठी आमच्या दाराशी येतात. मुलीला प्रवेश मिळालेला असतो. शुल्काचा आकडा ऐकून वडिलांचा चेहरा मात्र उतरलेला असतो. हा प्रश्न आजचा नाही.

१८५४च्या वुडच्या खलित्याने आपल्याकडील विद्यापीठांचा पाया घातला. अनुदान घेणाऱ्या शाळांनी अल्प का होईना शुल्क आकारावे, असेही त्यानेच बजावले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुले यांनी मर्मावर बोट ठेवले: महसूल भरतो शेतकरी आणि उच्च शिक्षणाचा लाभ उचलतात वरिष्ठ वर्ग.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४-६६) राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के भाग शिक्षणावर खर्चावा, अशी शिफारस केली. तेच उद्दिष्ट २०२०च्या राष्ट्रीय धोरणात पुन्हा लिहावे लागले, यातच सारे आले. मधल्या काळात, १९९३ साली, पुन्नय्या समितीने विद्यापीठांनी दहा वर्षांत आवर्ती खर्चाचा किमान चौथा हिस्सा स्वतः उभारावा, असे सुचविले. त्यात शुल्कवाढ ओघानेच आली.

फुल्यांचा आक्षेप दोन्ही बाजूंना बोचतो. सरसकट स्वस्ताईचा लाभ सधनही घेतात; सरसकट शुल्कवाढीत मात्र गरीबच गळतो. ऐपत असलेल्याने भरावे, नसलेल्याचे शासनाने व समाजाने भरावे, हाच न्याय. म्हणून लग्नाच्या मांडवावरील खर्चातला थोडा वाटा आपण धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीत टाकू या. दाराशी आलेल्या त्या वडिलांना नुसते शिफारसपत्र देऊन परत पाठविताना आम्हांला संकोच वाटतो.