ओल्या पिठाची गोष्ट

शनिवारी रात्री मी पीठ भिजवतो. अर्धा किलो पीठ, साडेतीनशे ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ आणि बरणीतले शंभर ग्रॅम आंबवण. रात्रभर ते ओट्यावर झाकून राहते. सकाळी झाकण काढले की गोळा दुप्पट झालेला असतो, बोट लावले तर हळूच वर येतो. तासाभराने घरात जो वास दरवळतो, त्यासाठी आठवडाभराची धावपळ सोसायला माझी तयारी असते.

हा आनंद साधा आहे. पण माझ्या आजीच्या घरात तो शक्य नव्हता. तिच्याकडे पाव यायचा तो फक्त आजाऱ्यासाठी. ताप उतरला की दुधात कुस्करून द्यायचा, आणि तोही ओसरीवर. स्वयंपाकघराचा उंबरा पावाने कधी ओलांडला नाही. ‘पीठ पायाने तुडवतात, म्हणून पाव’, असे ती सांगायची. व्युत्पत्ती अर्थातच चुकीची. शब्द पोर्तुगीज ‘पाँव’वरून आला, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो १५१० मध्ये. पण चुकीच्या व्युत्पत्तीतही एक खरी भीती दडलेली असते.

गोवा भाताचा मुलूख. तिथे पाव रुजवायचा तर गहू बाहेरून आणावा लागे आणि पीठ फुगवायलाही काहीतरी हवे. ती अडचण माडाने सोडवली. माडाची सूर झाडावरून उतरवल्यापासूनच आंबू लागते. तीच पिठात घातली आणि गोव्याचा पाव फुगला. पोर्तुगीज ‘पादेइरु’चा कोकणीत ‘पोदेर’ झाला. उंडो, पोयी, कातऱ्याचा पाव, कांकणां अशी त्याची भट्टीतली लेकरे. सायकलचा भोंगा वाजवत तो आजही गोव्यात दारोदार फिरतो. यातल्या कित्येक पोदेरांची पुढची पिढी मुंबईला आली, नंतर इराणी आले, आणि मुंबईची सकाळ पावाची झाली.

मग उरलेल्या महाराष्ट्राने पाव का टाळला? चवीमुळे नाही. आंबवलेले पीठ आपल्याला नवीन नव्हते. कोकणात आंबोळी होतीच. अडचण पाण्याची होती. सोवळ्याच्या हिशेबात कोरडे धान्य कुणाकडूनही चाले, तुपात तळलेले काही प्रमाणात चाले. पण पाण्यात भिजवलेले पीठ म्हणजे भिजवणाऱ्याचा हात. पाव खाणे म्हणजे ख्रिस्ती किंवा मुसलमान माणसाच्या हातचे खाणे. भीती पावाची नव्हती, त्या हाताची होती.

म्हणूनच ज्यांना जातिभेद मोडायचा होता, त्यांनी पावच निवडला. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिणारे दादोबा पांडुरंग तिच्या संस्थापकांपैकी एक. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. हे सारे गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. एका घासाची किंमत किती होती, हे त्या पांगापांगीवरून कळते. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला, त्यात दादोबांचे धाकटे बंधू आत्माराम पांडुरंग पुढे होते. पण या वेळी दारे उघडी होती.

दारे उघडली तरी भीती गेली नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर चहा-बिस्किटे दिली गेली. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता स्वीकारून बाजूला ठेवला. ही सभा घडवून आणणाऱ्या गोपाळराव जोशींनीच हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. त्यात टिळक आणि रानडे दोघेही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली. एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या या दोघांनाही एका कप चहापायी शेवटी प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले.

मी पीठ मळतो तेव्हा हे सगळे आठवतेच असे नाही. मळताना माणूस फार विचार करत नाही, पीठ हाताला सुटायला लागले की नाही एवढेच बघतो. आपले चक्कीचे पीठ पाणी जास्त ओढते, त्यातला कोंडा पिठाचे तंतू कापतो, म्हणून पाव थोडा बसका होतो. त्याचे वाईट वाटून घेणे मी सोडले आहे. उन्हाळ्यात आंबवण चार तासांत उतू जाते, थंडीत बरणी शालीत गुंडाळावी लागते. पाश्चरने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की आंबण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात. बरणी सांभाळणाऱ्याला ते पटवून द्यावे लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात आई राहायला आली होती. ती आता ऐंशीची आहे. ओसरीवरच्या दूध-पावात वाढलेली. बरणीचे झाकण उघडून तिने वास घेतला आणि म्हणाली, “अरे, हा तर आंबोळीच्या पिठाचा वास.” मग गरम पावाची कड मोडली, लोणी लावले, आणि स्वयंपाकघरातच, ओट्याला टेकून उभ्या उभ्या खाल्ली. दुसरा तुकडा घेताना म्हणाली, “आईला द्यायला हवा होता एकदा.”

आजीने तो खाल्ला असता का, हे मला सांगता येत नाही. पीठ नातवाच्याच हातचे, म्हणून कदाचित खाल्लाही असता. पण मग पोदेराचा हात तिला तसाच परका राहिला असता. घरी पाव भाजण्याच्या माझ्या आनंदातला हा एक कच्चा कोपरा आहे. म्हणून रविवारी घरचा पाव असला, तरी इतर दिवशी मी कोपऱ्यावरच्या भट्टीतलाच पाव आणतो. तो भाजणाऱ्याने माझा पाव चाखून पाहिला आहे. “मीठ कमी आहे,” म्हणाला. तेव्हापासून मी बारा ग्रॅम घालतो.