ट्रायटन

ट्रायटन : नॉर्टनच्या चासीत ट्रायम्फचे जोडसिलिंडर एंजिन बसवून हाताने जुळवलेली ब्रिटिश मोटरसायकल.

उगम १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी रचलेली नॉर्टनची ‘फेदरबेड’ चासी १९५० मध्ये शर्यतीत उतरली. ५०० सीसी फॉर्म्युला-३ मोटारींसाठी याच चासीच्या मँक्स नॉर्टन मोटरसायकलींची एंजिने काढून घेतली जात. उरलेल्या चासी या बांधणीला उपयोगी पडल्या (पहा : कॅफे रेसर).

फेदरबेडच्या दोन नळ्यांचे वेढे हँडलच्या मुळाशी एकमेकांना छेदतात, त्यामुळे वळणावर गाडी डगमगत नाही. ट्रायम्फची १९६३ पूर्वीची ६५० सीसी एंजिने पसंत केली जातात, कारण त्यांचा गिअरबॉक्स सुटा असतो व साखळी नेमकी ताणता येते. खरी कसोटी एंजिन चासीला जोडणाऱ्या मधल्या अल्युमिनियम पट्ट्यांची: छिद्रे किंचित हलली, तरी साखळी तिरपी धावते.

डेव्ह डीगन्स व रेक्स बुचर यांनी १९६५ ची बार्सेलोना २४ तास शर्यत ट्रायटनवर जिंकली. भारतात गाडीच्या मूळ रचनेत ट्रायटनसारखा बदल करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत (पहा : बुलेट).