चार मिनिटं सदतीस सेकंद

टेक्सास, फेब्रुवारी २०२१

रविवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
राज्याच्या सगळ्या, म्हणजे २५४ काउंट्यांना हिमवादळाचा इशारा आहे. विजेची मागणी ६९ हजार मेगावॅटच्या वर गेली आहे; हिवाळ्यात इतकी ती याआधी कधीच नव्हती. निम्म्याहून अधिक घरं विजेवर गरम होतात. ज्यांच्याकडे गॅसची भट्टी आहे, त्यांच्या भट्टीचाही पंखा विजेवरच फिरतो. घरं बांधलीत उन्हाळ्याच्या हिशेबानं, त्यामुळे पाण्याचे पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून गेलेले. पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, नळ बारीक धारेनं सोडायचा, पांघरुणं एका खोलीत आणायची, ती हीच वेळ.

मध्यरात्रीनंतर १२:१५
राज्याचं वीजजाळं सांभाळणारी ‘एरकॉट’ आणीबाणीची पहिली पायरी जाहीर करते. पवनचक्क्या गोठल्यात, पण सर्वांत मोठी तूट गॅसवरच्या वीजकेंद्रांची आहे. शेजारच्या राज्यांकडून फारशी वीज घेता येत नाही, कारण टेक्सासनं आपलं जाळं वेगळं ठेवलं आहे.

१:०७
दुसरी पायरी.

१:२०
तिसरी पायरी. लोडशेडिंग सुरू.

१:५१
जाळ्याची वारंवारिता ६० हर्ट्‌झ असायला हवी, ती ५९.४ च्या खाली घसरते. तिथे नऊ मिनिटं राहिली, तर यंत्रं वाचवण्यासाठी केंद्रं आपोआप बंद पडू लागतील आणि अख्खं जाळं कोसळेल. ते पुन्हा उभं करायला कित्येक आठवडे लागले असते. नियंत्रण कक्षातून वस्त्यांमागून वस्त्यांची वीज तोडली जाते. ४ मिनिटं २३ सेकंदांनी काटा वर येतो. हातात उरली होती ४ मिनिटं ३७ सेकंद.

जाळं वाचलं, पण त्याची किंमत घरांनी मोजली. लोडशेडिंग म्हटलं की आपल्याला वेळापत्रक आठवतं: दोन तास तुमची, दोन तास आमची. इथे तसं जमेना. रुग्णालयांच्या वाहिन्या तोडता येत नाहीत, आणि तोडायची वीज इतकी मोठी की आळीपाळीला वाहिन्याच उरल्या नाहीत. गेलेली वीज गेलेलीच राहिली. त्यातच गॅस पुरवणाऱ्या काही केंद्रांचीही वीज गेली, कारण ती ‘अत्यावश्यक’ यादीत नव्हती. गॅस आटला, म्हणून वीज आणखी आटली.

सोमवार, पहाट
बंद घर तासातासाला थंड होत जातं. आता सगळ्यांनी एकाच खोलीत यावं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबावेत, खिडक्यांवर चादरी टांगाव्यात. म्हाताऱ्या माणसांवर लक्ष हवं. कुडकुडणं ही शरीराची झुंज आहे. बोलणं अडखळू लागलं, माणूस गोंधळला आणि कुडकुडणंही थांबलं, तर त्याला ‘झोप लागली’ समजू नये.

सोमवार, दिवसभर आणि रात्र
मला सर्वांत जास्त छळतात ते हे तास. गारठलेल्या माणसांनी कोळशाच्या शेगड्या घरात आणल्या, गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवून त्यांत मुलांना बसवलं, जनरेटर दाराशी लावले. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवत. पण जुन्या कौलारू घराला श्वास घ्यायला शंभर फटी होत्या, तरीही तिथे धोका होताच. टेक्सासच्या बंदिस्त घरात कार्बन मोनॉक्साइड साचला. त्याला वास नाही, रंग नाही. राज्यभरात १,४०० हून अधिक लोकांना दवाखाने गाठावे लागले. जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांबच हवा, आणि कोळसा घरात नकोच, कितीही थंडी असली तरी.

मंगळवार, १६ फेब्रुवारी
डॅलसमध्ये उणे १९ अंश सेल्सियस. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये मोठ्या संख्येनं मराठी घरं आहेत. तीही याच थंडीत होती.

बुधवार, १७ फेब्रुवारी
पाइप फुटू लागले, पाण्याचा दाब पडला. ह्यूस्टन आणि ऑस्टिनमध्ये पाणी उकळून पिण्याचे आदेश निघाले. पाइप फुटल्यावर पहिलं काम एकच, मीटरजवळची मुख्य चावी बंद करणं. ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत हवं.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी, सकाळी १०:३५
विजेची आणीबाणी संपली. राज्यानं पुढे मोजलेले मृत्यू २४६. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश थंडीनं. ह्यूस्टनला नळाचं पाणी न उकळता पिता आलं, ते २१ तारखेला.