न दिसणाऱ्यांची शिरगणती

प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना एक प्रश्न दरवर्षी वर्गात उभा राहतो. ज्यांच्या पोथ्या मठांत आणि बाडांत टिकल्या, त्यांचाच हा इतिहास; बाकीच्यांचे काय? हा प्रश्न केवळ आपल्या शाखेचा आहे, अशी माझी समजूत होती. ती खोडदने दूर केली.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या या गावी गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिथे सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. थाळीला भरीव पत्रा नाही, ताणलेली जाळी आहे. लांब लहरींना तेवढी पुरते, वारा आरपार जातो आणि खर्चही वाचतो. ही काटकसर मला फार आपली वाटते.

तिथे ज्यांचा शोध घेतला जातो, त्यांत स्पंदक, म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे आहेत. पहिला स्पंदक १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला कागदी आलेखावरच्या बारीकशा खुणेतून सापडला. १९७४ चे नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांकडे गेले. नोंद करणारा आणि नोंदला जाणारा यांच्यातले हे अंतर वाङ्मयाच्या अभ्यासकांना नवे नाही.

दीपगृहाप्रमाणे स्पंदकाचा झोत फिरतो. तो पृथ्वीवरून गेला तरच आपल्याला त्याचा पत्ता लागतो. दूरचे क्षीण राहतात. काहींचा ठोका वाटेतल्या विद्युत्भारित वायूत विस्कटतो. शिवाय सामान्य स्पंदक फिरता फिरता मंदावतो आणि काही कोटी वर्षांत त्याचा रेडिओ आवाज थांबतो. तारा उरतो, पण मुका. आपल्या आकाशगंगेत दहा ते शंभर कोटी न्यूट्रॉन तारे असावेत असा अंदाज आहे. माहीत झालेले स्पंदक काही हजारच.

मग मोजायचे कसे? अभ्यासक आधी एक समाज कल्पितात: तारे इतके, त्यांचे वेग असे, चुंबकत्व असे. त्यांतले किती आपल्या दुर्बिणीला दिसले असते, हे काढतात आणि प्रत्यक्ष यादीशी ताडून पाहतात. जे हाती आले ते ज्या गृहीतावर सर्वाधिक संभाव्य ठरते, ते गृहीत स्वीकारायचे, ही त्यामागची एक महत्त्वाची रीत. या रीतीच्या सैद्धांतिक पायावर १९४० च्या दशकात केंब्रिजमध्ये काम करणारे वसंत शंकर हुजूरबाजार हे आमच्या कोल्हापूरचे. जयंत नारळीकरांचे ते मामा. नारळीकरांचा जन्मही इथलाच, १९३८ चा. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून नारळीकर आपल्याला ठाऊक आहेत. मामांचे नाव मात्र मराठी विभागांत क्वचितच कानी पडते.

वाङ्मयेतिहासकार असे गणित मांडू शकत नाही, कारण कवीचा झोत कोणत्या नियमाने फिरतो हे त्याला सांगता येत नाही. पण आपल्या यादीला कोणत्या गाळण्या लागल्या, हे तरी त्याने लिहायला हवे. लिपी, जात, मठ, ओल, वाळवी. आपल्या बहुतेक ग्रंथांत ते प्रकरणच नाही.

२००४ साली जीएमआरटीने आपला पहिला स्पंदक शोधला, एनजीसी १८५१ या तारकागुच्छात. पुढे १८ वर्षे त्या गुच्छातला तेवढा एकच स्पंदक नोंदीत होता. २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीने तिथेच आणखी १३ सापडल्याचे जाहीर झाले.