गुरांतील अवटू हॉर्मोनाचे शोषण

गुरांच्या कातडीखाली टोचलेले थायरॉक्सिन हे अवटू ग्रंथीचे हॉर्मोन त्या जागेवरून रक्तात जाण्याच्या क्रियेस त्याचे शोषण म्हणतात. ते किती व किती वेगाने होते, यावर जनावरात दिसणारा परिणाम अवलंबून असतो.

अवटू-स्राव टोचण्यास प्रारंभ माणसात झाला. १८९१ मध्ये जी. आर्. मरी या इंग्रज वैद्यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून श्लेष्मशोफ झालेल्या एका स्त्रीस आराम दिला. उपचार चालू राहिल्याने ती आणखी २८ वर्षे जगली. ई. सी. केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले व १९२७ मध्ये सी. आर्. हॅरिंग्टन आणि जी. बार्जर यांनी त्याचे संश्लेषण केले. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते अल्कधर्मी विद्रावातून टोचतात. ऊतकांत ही अल्कधर्मिता नाहीशी झाली की, काही भाग टोचल्या जागीच साकळण्याचा व सावकाश शोषला जाण्याचा संभव असतो.

उतरत्या दुधाच्या गाईंना थायरॉक्सिन टोचल्यास दूध व स्निग्धांश वाढतात, असे डब्ल्यू. आर्. ग्रॅहॅम यांनी १९३४ मध्ये दाखविले. तोंडावाटे दिल्यास गुरांत त्याचे शोषण अपुरे होते, तर रोज टोचणे गोठ्यात त्रासाचे. ई. पी. राइनिके व सी. डब्ल्यू. टर्नर यांनी १९४२ च्या सुमारास अमेरिकेतील मिसूरी येथे आयोडीनयुक्त केसीन तयार केले, ते खाद्यातून देता येत असे.

शोषणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो मात्र मापनामुळे. १९५७ मध्ये जी. डब्ल्यू. पाइप्स, बी. एन्. प्रेमचंद्र व टर्नर यांनी गाईच्या अवटू ग्रंथीत किरणोत्सर्गी आयोडीन साठवून थायरॉक्सिनाची मात्रा क्रमाने वाढविली. ज्या मात्रेस ग्रंथीतून आयोडीन बाहेर पडणे थांबते, ती ग्रंथीच्या दैनिक स्रावाएवढी मानली जाते. टोचलेले सर्व हॉर्मोन रक्तात पोहोचले, हे येथे गृहीतच धरलेले असते. त्यातील काही कातडीखाली अडकून राहिले, तर स्राव प्रत्यक्षाहून अधिक भासतो. उन्हाळ्यात हा स्राव घटतो, असेही या पद्धतीने दिसून आले.

दूधवाढीचा उपाय म्हणून थायरॉक्सिन व्यवहारात टिकले नाही. त्याने चयापचय व नाडीचा वेग वाढतो. जादा खुराक न मिळाल्यास वाढीव दूध जनावराच्या अंगच्या चरबीतून येते, ते रोडावते आणि टोचणे थांबविताच दूध एकदम उतरते. चंदगडसारख्या डोंगराळ, अतिपावसाच्या तालुक्यात एकदोन म्हशींवर दूध घालणाऱ्या शेतकऱ्यास तर तेवढा खुराक पुरविणेच कठीण.