कॉलेजात शिकणाऱ्या आया किती? अमेरिकेने मोजलं, आपल्याकडे रकानाच नाही

एकाच कॉलेजातल्या दोघी जणींचा विचार करा. एक प्राध्यापिका, दुसरी तिच्याच वर्गात एम.ए. करणारी विद्यार्थिनी. दोघींनाही सातवा महिना लागलाय. प्राध्यापिकेला साधारण सहा महिन्यांची पगारी प्रसूती रजा आहे, कारण ती नोकरदार आहे. विद्यार्थिनी नोकरदार नाही, त्यामुळे तो कायदा तिला लागू होत नाही. तिला लागू होतो तो ७५ टक्के हजेरीचा नियम.

हिशेब करून बघू. एका सत्रात ९० दिवस तास होतात असं धरा. ७५ टक्क्यांच्या नियमात फार तर २२ दिवस चुकवता येतात. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घरात असते. रविवार वगळले तरी यात ३० च्या वर दिवस जातात. म्हणजे बाकी एकही दिवस दांडी न मारता, सगळं सुरळीत होऊनही ती परीक्षेला अपात्र ठरते. सिझेरियन, ताप, बाळ काचेच्या पेटीत असणं, हे तर आपण धरलेलंच नाही.

अशा मुली आहेत तरी किती, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण भारतात त्याचं उत्तर कुठल्याच सरकारी आकड्यात सापडत नाही.

आकडा का नाही?

केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाचं अखिल भारतीय सर्वेक्षण करतं. २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते, त्यात २ कोटी ७ लाख मुली होत्या. कोणत्या प्रवर्गातले किती, दिव्यांग किती, कुठल्या शाखेत किती, हे सगळं त्यात मिळतं. किती जणांना मूल आहे, हा रकाना मात्र नाही.

दुसरीकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा आकडा पाहा. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कॉलेजचं वय आणि लग्नाचं, पहिल्या बाळंतपणाचं वय एकमेकांवर येतं, हे कळायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही. गरज आहे ती त्या मुलींचं शिक्षण नेमकं कुठे अडतं हे कळण्याची.

अमेरिकेने काय शोधलं?

या विषयावर सर्वात जास्त काम अमेरिकेत झालंय. त्याचं एक साधं कारण म्हणजे तिथल्या सरकारी शिक्षण-मदतीच्या अर्जात आणि विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय पाहणीत ‘तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं आहेत का’ हे विचारलं जातं. म्हणून अभ्यासकांना हातात धरायला काहीतरी आहे.

२०१९ मध्ये गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिसने (आपल्या ‘कॅग’सारखी तिथली यंत्रणा) एक अहवाल दिला. त्यानुसार २०१५-१६ मध्ये पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांपैकी २२ टक्के, म्हणजे सुमारे ४३ लाख जण मुलं वाढवत शिकत होते. त्यातले निम्म्याहून जास्त एकल पालक होते आणि ४४ टक्के जण पूर्णवेळ नोकरीही करत होते. पदवी न घेताच शिक्षण सोडणाऱ्यांचं प्रमाण पालक-विद्यार्थ्यांत ५२ टक्के होतं, मूल नसलेल्यांत ३२ टक्के. पुढच्या पाहणीत, २०१९-२० मध्ये, ही संख्या ३० लाखांच्या आसपास आली. तरी साधारण दर पाच-सहा विद्यार्थ्यांमागे एक पालक आहेच.

बावन्न टक्के शिक्षण सोडतात म्हटल्यावर ‘अभ्यासात लक्ष नसेल’ असं वाटू शकतं. इथे दुसरं संशोधन कामी येतं. इन्स्टिट्यूट फॉर विमेन्स पॉलिसी रिसर्च ही वॉशिंग्टनमधली संस्था या विषयावर अनेक वर्षं काम करतेय. त्यांच्या विश्लेषणात पालक-विद्यार्थ्यांपैकी ३३ टक्के जणांचे गुण ४ पैकी ३.५ किंवा त्याहून वर होते. आईवडिलांच्या जिवावर शिकणाऱ्या नेहमीच्या तरुण विद्यार्थ्यांत हेच प्रमाण २६ टक्के होतं. म्हणजे मूल असलेले विद्यार्थी अभ्यासात मागे नाहीत, उलट थोडे पुढेच आहेत.

मग अडतं कुठे? न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या क्लेअर व्लाडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात याला ‘वेळेची गरिबी’ म्हटलंय. त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या दिवसातून नोकरी, घरकाम आणि मुलांची देखभाल हे तास वजा केले. झोप, जेवण, विश्रांती आणि अभ्यास या सगळ्यासाठी मिळून किती उरतं ते पाहिलं. शाळेत न जाणारं लहान मूल असलेल्यांकडे उरले सुमारे १० तास. मूल नसलेल्यांकडे सुमारे २१. दहातून झोप काढा आणि बघा काय राहतं. तरीही आपल्या मोकळ्या वेळातला जास्त हिस्सा अभ्यासाला देणारे हे पालकच होते.

मला या सगळ्या संशोधनात हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण वेळ ही अडचण असेल तर ‘तू हुशार आहेस, जिद्द ठेव’ असं सांगून काही होत नाही. दिवसातले दोन-तीन तास कुणीतरी मोकळे करून द्यावे लागतात.

ते तास मोकळे करून दिले तर?

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये मनरो कम्युनिटी कॉलेज आहे. तिथे कॉलेजच्या आवारातच पाळणाघर होतं. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या विद्यार्थ्यांची नोंद अभ्यासकांनी तपासली, तेव्हा पाळणाघर वापरणारे विद्यार्थी तीन वर्षांत पदवी घेण्याची किंवा पुढच्या शिक्षणाला जाण्याची शक्यता न वापरणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाली.

इथे थोडं थांबायला हवं. ज्यांना पाळणाघरात जागा मिळाली ते आधीपासूनच थोडे सावरलेले असतील, अशीही शक्यता असते. त्यामुळे तिपटीचं सगळं श्रेय पाळणाघराला देता येत नाही. पण फरक इतका मोठा आहे की दुर्लक्षही करता येत नाही.

गंमत म्हणजे, हे माहीत असूनही अमेरिकेतल्या सरकारी कॉलेजांमधली पाळणाघरं या शतकात वाढण्याऐवजी कमी झाली. कम्युनिटी कॉलेजांपैकी २००४ च्या सुमारास निम्म्याहून जास्त ठिकाणी ती होती, २०१५ मध्ये ४४ टक्के ठिकाणी उरली. गरीब पालक-विद्यार्थ्यांच्या पाळणाघरासाठी केंद्राचा एक निधी आहे. २०१६-१७ मध्ये त्यातून सुमारे ४,००० मुलांची सोय झाली आणि ४,२०० हून जास्त मुलं प्रतीक्षा यादीत राहिली.

आणखी एक गोष्ट त्याच सरकारी अहवालात होती, आणि ती आपल्या ओळखीची वाटेल. मूल असलेल्या विद्यार्थ्याला पाळणाघराच्या खर्चापोटी जास्त शिक्षण-मदत मागता येते. पण तपासलेल्या कॉलेजांपैकी सुमारे दोन तृतीयांश कॉलेजांच्या वेबसाइटवर त्याचा उल्लेखच नव्हता. सोय होती, पण ज्यांच्यासाठी होती त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर तिथे १९७२ चा ‘टायटल नाइन’ कायदा आणि त्याखालचे १९७५ चे नियम आहेत. डॉक्टर म्हणतील तितके दिवस गर्भवती विद्यार्थिनीची गैरहजेरी माफ करायची आणि परतल्यावर तिला पूर्वीच्याच जागी घ्यायचं, असं त्यात आहे. २०२४ मध्ये त्यात स्तनपानासाठी जागा वगैरे तरतुदी वाढवल्या होत्या, पण जानेवारी २०२५ मध्ये केंटकीच्या फेडरल कोर्टाने ती सगळी नियमावलीच रद्द केली. जुने नियम कायम आहेत. काही राज्यं स्वतःहून पुढे गेलीत. ओरेगॉनने २०२१ मध्ये सरकारी कॉलेजांना पालक-विद्यार्थी मोजायला लावलं. टेक्ससने २०२३ मध्ये प्रत्येक कॉलेजात त्यांच्यासाठी संपर्क अधिकारी नेमायला सांगितलं.

आपल्याकडे काय नियम आहेत?

पीएच.डी. करत असाल तर स्थिती बरी आहे. यूजीसीच्या नियमांनुसार संशोधक विद्यार्थिनीला २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते.

बी.ए., बी.एस्सी., एम.ए., एम.कॉम.वाल्यांचं तसं नाही. १४ डिसेंबर २०२१ रोजी यूजीसीने सगळ्या कुलगुरूंना पत्र लिहिलं. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा, हजेरीत सूट, परीक्षा अर्जाला मुदतवाढ याचे योग्य नियम करा, असं त्यात आहे. किती दिवस रजा, हे त्यात नाही. तो ज्याने त्याने ठरवायचा विषय ठेवला.

केरळमधल्या कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये ते ठरवलं. १८ वर्षांवरच्या विद्यार्थिनींना ६० दिवस रजा, प्रसूतीआधी किंवा नंतर, अभ्यासक्रमात एकदा. सत्र वाया जाऊ नये अशी तजवीजही केली.

जिथे नियम नाहीत तिथे मुली कोर्टात जातात, आणि कोर्टाचं उत्तर दरवेळी सारखं नसतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये गर्भवती विधी विद्यार्थिनींना हजेरीत सवलत दिली. त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये बार कौन्सिलच्या नियमांवर बोट ठेवून एल.एल.बी.च्या विद्यार्थिनीला ती नाकारली. २०२१ च्या अखेरीस अलाहाबाद उच्च न्यायालयाने लखनौच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला गर्भवती विद्यार्थिनींसाठी नियम करायला सांगितलं. मे २०२३ मध्ये मेरठच्या विद्यापीठातल्या एम.एड.च्या विद्यार्थिनीचा ५९ दिवसांच्या रजेचा अर्ज दिल्ली उच्च न्यायालयाने फेरविचारासाठी परत पाठवला. शिक्षण आणि मातृत्व यांपैकी एक निवडायची सक्ती स्त्रीवर करता येत नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगला निर्णय. पण फी भरली नाही म्हणून आणि हजेरी भरली नाही म्हणून, ही शिक्षण सुटण्याची दोन वेगळी कारणं आहेत. दुसऱ्या कारणावर आपल्याकडचं नेहमीचं उत्तर म्हणजे ‘मुक्त विद्यापीठातून कर’. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने खूप जणींना पदवी दिलीय यात वाद नाही. मात्र नर्सिंग, इंजिनीअरिंग किंवा बी.एस्सी.ची प्रयोगशाळा अर्ध्यावर सोडलेल्या मुलीला तो पर्याय लागू पडत नाही.

आणि बाप असलेला विद्यार्थी? अमेरिकेतल्या पालक-विद्यार्थ्यांत साधारण तीस टक्के पुरुष आहेत. आपल्या नियमांत त्याचा विचार अजून सुरूही झालेला नाही.

तुमच्यावर किंवा मैत्रिणीवर ही वेळ आली तर

अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या, तोही हजेरीची यादी लागण्याआधी. सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि प्रसूतीची अंदाजे तारीख जोडा. अर्जात यूजीसीच्या १४ डिसेंबर २०२१ च्या पत्राचा उल्लेख करा, कारण कॉलेजच्या ऑफिसात ते माहीत असेलच असं नाही. तुमच्या विद्यापीठाने त्यानंतर काही परिपत्रक काढलंय का, हे परीक्षा विभागात विचारा. प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत गुणांचं काय, हेही त्याच अर्जात विचारून ठेवा, पुढे बहुतेक वेळा तिथेच अडतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. उत्तर आलं नाही तर कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. त्यावर विद्यापीठ पातळीवर लोकपाल असतो, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनी तो नेमणं बंधनकारक केलंय.